पांढऱ्या चेंडूची वाट

अमेरिकेच्या मिझुरी राज्यात टिप्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाच्या पाण्याची गोलाकार टाकी काळ्या रंगाने रंगविलेली असून तिच्यावर पांढऱ्या वर्तुळात ८ हा आकडा काढलेला आहे. दुरून येणाऱ्या वाटसरूला आकाशात एक प्रचंड चेंडू टांगून ठेवल्याचा भास व्हावा, असे ते दृश्य. आकड्यामागचे कारण साधे आहे. या गावात ईवाल्ड फिशर यांचा पूल टेबले तयार करणारा कारखाना होता. पूल या खेळात आठव्या क्रमांकाच्या काळ्या चेंडूला विशेष मान असतो. गावाच्या चुली ज्या धंद्यावर पेटत होत्या, त्याची खूण गावाने अशी आपल्या माथ्यावर मिरविली. कारखान्याचे दिवस सरले, आठचा आकडा मात्र टिप्टनची ओळख होऊन बसला आहे.

टाकी राहिली, टेबलांचे काय झाले? विशेषतः, दारूच्या गुत्त्यांतून, खानावळींतून आणि कामगारवस्त्यांतल्या अड्ड्यांतून मांडलेली, नाणे टाकल्यावाचून खेळू न देणारी जी टेबले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गावोगाव पसरली, ती कोठे गेली? श्रीमंतांच्या हवेल्यांतील नक्षीदार, शिसवी पायांची बिलियर्ड टेबले संग्रहालयांत जपून ठेवलेली आढळतात. त्यांच्या कारागिरांची नावे ठाऊक असतात. नाण्याच्या टेबलाला हा मान क्वचितच मिळाला. कामगार ज्यावर खेळला, ज्यावर त्याने पेला ठेवला आणि सिगारेटचा डाग पाडला, ते टेबल झिजले की मोडीत निघे. अलीकडे काही हौशी मंडळी अशी टेबले गोदामांतून व तळघरांतून शोधून, ओळखून, पुन्हा उभी करू लागली आहेत. हा उद्योग वरवर पाहता किरकोळ वाटेल. तथापि सामान्य माणसाच्या फावल्या वेळेचा इतिहास बहुधा अशाच किरकोळ वस्तूंत दडलेला असतो, आणि त्या वस्तू चुकीच्या रीतीने दुरुस्त झाल्या की तो पुसला जातो, असे आम्हांला वाटते.

ज्या वाचकांनी पूल टेबल कधी पाहिलेले नाही, त्यांनी आपला घरचा कॅरम डोळ्यांपुढे आणावा. कॅरमच्या पाटाला चार भोके, पूलच्या टेबलाला सहा: चार कोपऱ्यांत आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. सोंगट्यांच्या जागी क्रमांक घातलेले पंधरा रंगीत चेंडू आणि स्ट्रायकरच्या जागी एक पांढरा चेंडू. बोटाच्या टिचकीऐवजी निमुळत्या लाकडी काठीने, म्हणजे क्यूने, पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्याच्याकरवी इतर चेंडू भोकांत पाठवायचे. स्ट्रायकर भोकात गेला की आपण जो दंड भरतो, तोच प्रकार येथेही आहे. हा एवढा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारे विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

या कुळातील खेळ आपल्याला अगदीच परके नाहीत. स्नूकर हा प्रकार तर आपल्याच देशात, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत, नेव्हिल चेंबरलेन नामक तरुण अधिकाऱ्याने रूढ केला. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद पटकावले, आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला पहिला भारतीय हा मान मिळविला. त्यांच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ अशी तीनदा तीच कामगिरी केली. परंतु आपल्याकडे हा खेळ जिमखान्यांच्या व क्लबांच्या दारातच थांबला. गडी, हमाल, गिरणीकामगार यांच्यापर्यंत तो आला नाही. त्यांच्या वाट्याला कॅरम आला. अमेरिकेत मात्र तो रस्त्यावरच्या माणसापर्यंत उतरला, आणि तो उतरविण्याच्या कामी नाण्याच्या टेबलाचा वाटा मोठा होता.

पूल या नावाची कथाही मनोरंजक आहे. अनेकांनी मिळून जमविलेल्या पैजेच्या रकमेला पूल म्हणत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ‘पूलरूम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचे ठिकाण. दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत गिऱ्हाइकांनी उठून जाऊ नये म्हणून तेथे बिलियर्डची टेबले मांडली जात. जुगाराचे नाव अशा रीतीने निरपराध खेळाला चिकटले ते कायमचे. कित्येक पिढ्यांतील आयांनी आपल्या मुलांना पूलरूमच्या पायरीवर पाय ठेवू नको म्हणून बजावले. बजावणाऱ्या अगदीच चुकत होत्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दोष टेबलाचा नव्हता.

टेबलाच्या अंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण जुन्या टेबलाची पारख करणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते. आरंभी टेबलाचा तळ लाकडी असे, आणि लाकूड हवेप्रमाणे फुगते व आकसते. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी पाटीच्या दगडाचा तळ वापरात आणला. ज्या दगडाच्या पाटीवर आपण व आपल्या वडिलांनी बाराखडी गिरविली, तोच हा दगड. इटलीच्या लिगुरिया प्रांतात लावान्या नावाचे गाव या दगडाच्या खाणींसाठी इतके प्रसिद्ध आहे की इटालियन भाषेत शाळेच्या फळ्यालाच ‘लावान्या’ म्हणतात. पुढे चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८४४ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि टेबलाच्या कडांना उसळी देणारे रबर लाभले. स्वित्झर्लंडहून आलेले जॉन ब्रन्सविक यांनी १८४५ साली सिनसिनाटी येथे आपला बिलियर्ड टेबलांचा व्यवसाय सुरू केला. अमेरिकेत या धंद्यातील सर्वांत मोठे नाव पुढे तेच ठरले.

चेंडू मात्र हस्तिदंती. एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच चांगले चेंडू निघत. या शौकापायी किती हत्ती प्राणास मुकले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. दया म्हणून नव्हे, महागाई म्हणून पर्यायाचा शोध सुरू झाला. फेलन आणि कॉलेंडर या व्यापाऱ्यांनी १८६३ साली हस्तिदंताला पर्याय देणाऱ्यास दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर केले. त्या प्रेरणेने जॉन वेस्ली हायॅट यांनी सेल्युलॉइडचा शोध लावला. सेल्युलॉइड हे स्फोटक कुळातले. दोन चेंडू जोराने आपटले की कधीकधी बार उडाल्यासारखा आवाज होई. कोलोरॅडोतील एका गुत्तेवाल्याने हायॅटना कळविले होते की मला स्वतःला त्या आवाजाचे काही वाटत नाही, पण तो ऐकताच खोलीतला प्रत्येक माणूस आपले पिस्तूल बाहेर काढतो! ही हकीकत खुद्द हायॅट यांनीच पुढे सांगितली आहे. विसाव्या शतकात बेकेलाइट व त्याच जातीच्या कठीण राळेचे चेंडू आले, आणि तेव्हापासून हत्तीही सुटला व पिस्तूलही म्यानात गेले.

आता नाण्याकडे वळू. नाणे टाकून चालणाऱ्या बिलियर्ड टेबलाचे पहिले पेटंट १९०३ साली घेतले गेले. एका डावाला एक पेनी. परंतु त्या काळी पूलरूमात तासाप्रमाणे पैसे घेणारा माणूस बसलेलाच असे, त्यामुळे यंत्राची निकड कुणाला भासली नाही. ती भासू लागली दुसऱ्या महायुद्धानंतर. पूलरूमांची संख्या रोडावत चालली होती, आणि नाण्याची यंत्रे करणारे कारखानदार नव्या मालाच्या शोधात होते. त्यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी होती. न्यूयॉर्कच्या महापौरांनी १९४२ साली पिनबॉलच्या यंत्रांवर बंदी घातली होती आणि स्वतः हातात घण घेऊन ती फोडताना छायाचित्रे काढून घेतली होती. ती बंदी उठायला १९७६ साल उजाडावे लागले. १९५१ च्या जानेवारीत जुगाराची यंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. अशा दिवसांत, नाणे गिळते खरे पण नाणे परत देत नाही, फक्त खेळू देते, असे यंत्र कारखानदारांना हवे होते. पन्नाशीच्या दशकात प्रथम ‘बंपर पूल’ची लहान टेबले गुत्त्यांत शिरली. त्यांत दोनच भोके आणि मध्ये रबरी खुंट्या. मागोमाग सहा भोकांचे, परंतु नेहमीपेक्षा आखूड, सुमारे सात फुटी टेबल आले आणि त्याने ठाण मांडले. मिशिगन राज्यात, एके काळी लाकडाच्या वखारींवर पोसलेल्या बे सिटी या गावी, व्हॅली नावाच्या कारखान्याने या टेबलांत विशेष नाव कमावले. टिप्टनला फिशर होते, ब्रुकलिनला अर्व्हिंग के. टेक्ससच्या डायनॅमोचे नाव मागाहून पुढे आले, आणि नंतर व्हॅली व डायनॅमो एकाच छत्राखाली गेले.

१९६१ साली पॉल न्यूमन यांचा ‘द हसलर’ हा चित्रपट आला आणि पूलची लाट देशभर उसळली. त्या चित्रपटातील टेबले मोठी, पूलरूमची, नाणे न टाकण्याची आहेत. पण चित्रपट पाहून खेळू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला कोपऱ्यावरच्या गुत्त्यात जे टेबल सहज मिळे, ते नाण्याचे होते.

हे टेबल बहुधा गुत्तेवाल्याचे नसेच. त्याचा मालक तिसराच माणूस, ज्याला त्या धंद्यात ऑपरेटर म्हणतात. तो आपली टेबले दहा-वीस ठिकाणी मांडून ठेवी, ठरल्या दिवशी किल्ली घेऊन येई, पेटी उघडून नाणी मोजी, आणि गुत्तेवाल्याशी वाटणी करी. निम्मे-निम्मे हा नेहमीचा रिवाज. कापड फाटले तर बदलणे, चेंडू हरवला तर आणून देणे, धंदा चालेना तर टेबल उचलून दुसरीकडे नेणे, ही सारी त्याची कामे. टेबलाची घडण या व्यवहारातून ठरली. ते वारंवार हलवावे लागते म्हणून तळाचा दगड तीन तुकड्यांचा नसून अखंड असतो. जोड नाही, म्हणजे प्रत्येक वेळी जोड जुळविण्याची कटकट नाही. सांडलेली बिअर पुसता यावी म्हणून अंगाला पॉलिश नसून फॉर्मायका. आपल्याकडे ज्याला सरसकट सनमायका म्हणतात, तो पत्रा. कोपऱ्यांना धातूचे जाड आच्छादन, कारण माणसे तेथे टेकतात, आपटतात, कधी बाटलीचे बूचही त्यावरच उघडतात.

आणि या यंत्राजवळ पहारेकरी कुणी नाही. खरी अडचण येथे सुरू होते.

घरच्या कॅरमला भोकाखाली जाळी असते. स्ट्रायकर आत गेला तर आपण हात घालून तो काढून घेतो, सोंगटीही काढतो. कुणी हटकीत नाही. नाण्याच्या टेबलाने असे करू दिले, तर एका नाण्यात माणसे रात्रभर खेळतील. म्हणून भोकात गेलेला रंगीत चेंडू टेबलाच्या पोटात कुलूपबंद झाला पाहिजे. दगडाखाली उतरत्या पन्हळी असतात. त्यांतून घरंगळत चेंडू एका काचेमागच्या कप्प्यात रांगेने येऊन बसतात, आणि नवे नाणे ढकलल्याशिवाय ते सुटत नाहीत. पण पांढरा चेंडू? तो चुकून आत गेला तर डाव अर्ध्यावर असतो. तो परत मिळालाच पाहिजे, नाहीतर पैसे फुकट गेले म्हणून भांडण. तेव्हा अंधाऱ्या पन्हळीत, माणसाच्या नजरेवाचून, सोळा चेंडूंपैकी नेमका एक ओळखून त्याला वेगळ्या दाराने बाहेर काढायचा, हे काम त्या काळच्या यंत्राला विजेशिवाय करायचे होते.

पहिले उत्तर कॅरमच्या रचनेसारखेच आहे. आपला स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो. तसा पांढरा चेंडूच थोडा मोठा केला. इतर चेंडूंचा व्यास सव्वादोन इंच, याचा दोन इंच आणि तीन अष्टमांश. पन्हळीच्या एका टप्प्यावर फट अशी ठेवायची की लहान चेंडू खाली उतरावा व मोठा वरून पुढे जावा. धान्य चाळण्याच्या चाळणीइतकी ही सोपी युक्ती. मात्र व्यास जेमतेम एक अष्टमांश इंच वाढला, तरी वजन सुमारे सहाव्या हिश्शाने वाढते. समान वजनाचा चेंडू समोरासमोर आदळला की जागीच थांबतो. जड चेंडू पुढे सरकत राहतो. त्यामुळे चांगल्या खेळाडूचे सारे कसब, विशेषतः टोला देऊन पांढरा चेंडू मागे खेचून आणण्याचे, या टेबलावर फिके पडे. दुसरे उत्तर होते आकार तोच ठेवून चेंडू जड करण्याचे. वजनाने कलणारी झडप त्याला वाट देई. खेळण्याच्या दृष्टीने हेही दुखणेच. तिसरे उत्तर अधिक शहाणपणाचे. चेंडूच्या पोटात थोडे लोखंड घालायचे आणि पन्हळीशेजारी लोहचुंबक बसवायचा. जवळून जाताना चेंडू बाजूला ओढला जातो आणि आपल्या वाटेला लागतो. आकार सारखा, वजन जवळजवळ सारखे. अलीकडच्या टेबलांत प्रकाशाच्या डोळ्याने चेंडू ओळखण्याची सोय झाली आहे. इंग्लंडच्या पबमधील टेबलांनी मात्र उलटी वाट धरली: तेथे पांढरा चेंडूच लहान, इतर दोन इंचांचे आणि हा एक आणि सात अष्टमांश.

यंत्राने खेळही बदलला. पूर्वी पूलरूमांत ‘स्ट्रेट पूल’ हा प्रकार प्रतिष्ठेचा मानला जाई. त्यात चौदा चेंडू संपले की ते पुन्हा काढून त्रिकोणात मांडावे लागतात. जे टेबल एकदा गिळलेला चेंडू परत देतच नाही, त्यावर हा खेळ कसा चालणार? विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेला ‘एट-बॉल’ मात्र या पेटीत चपखल बसला: एकाने एक ते सात क्रमांकांचे चेंडू घालायचे, दुसऱ्याने नऊ ते पंधराचे, आणि शेवटी काळा आठ. काळा गेला की डाव संपला, चेंडू कुलपात, पुढचे नाणे. आज अमेरिकेत सामान्य माणूस पूल म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एट-बॉलच असतो. खेळाचे नियम रसिकांनी ठरविले अशी आपली समजूत असते. येथे नियमाची निवड बऱ्याच अंशी गल्लापेटीने केली, आणि कुणाच्या ते फारसे लक्षातही आले नाही.

याच पेटीभोवती एक अलिखित शिष्टाचार निर्माण झाला. ज्याला खेळायचे आहे त्याने आपले नाणे टेबलाच्या कडेवर ठेवायचे. नाण्यांची रांग म्हणजे माणसांची रांग. जिंकणारा टेबलाशी राहतो. आव्हान देणारा नाणे भरतो, चेंडू त्रिकोणात मांडतो. ट्रकचालक असो वा दुकानाचा मालक, नाणे ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने बारी. कडेवर ठेवलेले दुसऱ्याचे नाणे उचलणे ही नीचपणाची परिसीमा समजली जाई. ज्या यंत्राची रचना माणसावर अविश्वास ठेवून केली, त्याच्याच कडेवर माणसे एकमेकांच्या भरवशावर पैसे उघडे ठेवीत, ही गंमत आम्हांला विशेष वाटते.

अशा टेबलाची ओळख कशी पटवायची? नवशिका प्रथम नावाची पट्टी शोधतो. पट्टी असली तर उत्तमच. पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ऑपरेटरच्या गोदामात एका कारखान्याची नाणेपेटी दुसऱ्याच्या सांगाड्यात, तिसऱ्याचे पाय चौथ्याला, असे अदलाबदल करणे नित्याचे. म्हणून फॉर्मायकावरील जुन्या स्क्रूंची भोके, आणि काढलेल्या पट्टीखाली राहून गेलेला मूळ रंगाचा चौकोन, हे पुरावे पट्टीपेक्षा बोलके ठरतात. बाहेरची लांबी मोजावी. व्हॅलीच्या टेबलांना ८८, ९३, १०१ असे आकडे लावतात, ते इंचांचेच आहेत. खालून बॅटरी धरून तळ पाहावा. स्क्रूच्या भोकात राखाडी दगड दिसतो की भुशाची फळी, यावरून माल अस्सल की स्वस्तातला ते कळते. नाण्याची खाच दहा सेंटांची की पंचवीसची, हेही पाहावे. दहाची असल्यास पेटी बहुधा जुनी. पण खाच बदलता येते, हे विसरू नये.

सर्वांत भरवशाची खूण पन्हळीत असते. पट्टी, पाय, पेटी बदलता येतात; पांढरा चेंडू ओळखण्याची युक्ती टेबलाच्या आतड्यांत बसविलेली असते, ती बदलणे जिकिरीचे. फट आहे की झडप की लोहचुंबक, हे पाहिले म्हणजे टेबल कोणत्या पिढीचे आणि त्याला कसला चेंडू लागतो, हे दोन्ही एकदम कळते. आणि येथेच सर्वाधिक नासाडी होते. जुना पांढरा चेंडू हरवलेला असतो. नवा मालक बाजारातून साधा सव्वादोन इंची चेंडू आणतो. तो पहिल्यांदा भोकात जाताच इतरांबरोबर कुलपात जाऊन बसतो. मालकाला वाटते यंत्र बिघडले. तो पन्हळी उखडतो, पेटी काढून टाकतो, भोकांना जाळ्या लावतो, आणि टेबल ‘दुरुस्त’ झाल्याचे समाधान मानतो. यंत्रात बिघाड मुळी नव्हताच. योग्य आकाराचा एक चेंडू तेवढा हवा होता. आपल्याकडे जुन्या घरांचे सागवानी कोरीव खांब तैलरंगाने माखून चकचकीत करणारी मंडळी आहेतच. हे त्यांचे दूरचे भाऊबंद.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आधी सारे जसे आहे तसे टिपून घ्यावे, छायाचित्रे काढावीत. मग कडांची चौकट सोडवावी. दगड उचलण्याचे धाडस एकट्या-दुकट्याने करू नये; सात फुटी टेबलाचा अखंड दगडही चार माणसांचा घाम काढतो, आणि एकदा कोपरा तुटला की ते जोडकाम मनाजोगे होत नाही. लहानसहान टवके मेणाने किंवा भरणीने बुजविता येतात. रबर बोटाने दाबून पाहावे. दगडासारखे घट्ट झाले असेल तर बदलण्याला पर्याय नाही, आणि यात आम्हांला जुन्याचा आग्रह धरवत नाही. मेलेले रबर लावलेले टेबल म्हणजे तार तुटलेली सतार. नवे रबर बसविताना त्याच्या नाकाची उंची चेंडूच्या व्यासाच्या सुमारे ६३.५ टक्के असावी लागते. ती कमी पडली तर चेंडू उडतो, जास्त झाली तर दबतो. कापड हे मुळातच बदलण्यासाठी असते, ऑपरेटरही ते बदलीतच असे. तेव्हा त्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. मात्र जुन्या कापडाचा, सावलीत राहून न विटलेला एक तुकडा रंगासाठी जपून ठेवावा. नाण्याची सरकपट्टी काढून स्वच्छ करावी, पण तिला तेल पाजू नये. तेलावर धूळ बसते आणि पुन्हा अडते. पेन्सिलीच्या शिशाची कोरडी पूड पुरते.

राहिला फॉर्मायकावरच्या डागांचा प्रश्न. यावर हौशी मंडळींत दोन तट आहेत. एका तटाला टेबल कारखान्यातून निघाले तसे हवे असते. पत्रा नवा, धातूला नवा मुलामा. दुसरा तट म्हणतो, सिगारेटचे डाग हाच त्याचा जन्मदाखला. आमचा कल दुसरीकडे आहे, पण अमर्याद नाही. उखडलेला पत्रा चिकटवावा, गंज काढावा, पाय सरळ करावेत. कडेवर, नाणी ठेवण्याच्या जागी, झिजून मऊ झालेला जो पट्टा असतो, तो मात्र घासू नये. तो कोणत्याही कारखान्यात तयार झालेला नाही.

दगड उचलल्यावर खाली पाहण्यास विसरू नये. पन्हळीच्या खोबणीत, पेटीच्या मागे, कधी नाणी अडकलेली सापडतात. अमेरिकी नाण्यावर साल असते. १९६८ चे नाणे सापडले, तर एवढे निश्चित की टेबल त्या सालानंतर वापरात होते. उत्खनन करणारे नाण्यांवरून थरांचा काळ ठरवितात, तोच न्याय. दहा आणि पंचवीस सेंटांच्या नाण्यांतील चांदी १९६५ च्या कायद्याने काढून टाकली गेली. त्याआधीचे चांदीचे नाणे हाती लागले तर मालक ते विकायला धावतो. विकावे, तो त्याचा हक्क आहे. पण कोठे सापडले आणि कोणत्या सालचे, एवढे एका कागदावर लिहून तो कागद पेटीत ठेवावा.

घरी आणलेल्या टेबलाला कोण पैसे घालणार, म्हणून पुष्कळ जण सरकपट्टीत पाचर मारून ती कायमची उघडी ठेवतात. याहून चांगली रीत काही कुटुंबांनी शोधली आहे. टेबलाशेजारी एका वाटीत चार-सहा नाणी ठेवलेली असतात. मुले येतात, नाणे खाचेत बसवून पट्टी ढकलतात, पंधरा चेंडू धडाधड उतरण्याचा तो आवाज ऐकतात आणि खेळतात. तीच नाणी संध्याकाळभर पुन्हापुन्हा आत जातात; रात्री कुणीतरी पेटीला किल्ली लावून ती काढते आणि वाटीत परत टाकते.